बोरतळच्या वस्तीवरचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. लगेच छताकडं बघू नका, मी तिथला नाही. उदगीरच्या पुढं बोरतळ नावाचं गाव आहे, त्या गावाच्या वस्तीतल्या विहिरीवर मी उभा आहे. शिकलेले लोक मला पवनचक्की म्हणतात. गावानं मात्र पहिल्या दिवसापासून पंखाच म्हटलं, आणि मीही ऐकून घेतलं.

तुमच्या घरातला पंखा वीज खातो आणि वारा देतो. मी वारा खायचो आणि पाणी द्यायचो. माझ्या अंगात ना तार आहे, ना बटण. विजेचा आणि माझा जन्मात संबंध आला नाही. तरीही माझ्यावर जी वेळ आली, ती विजेच्या कायद्यामुळं आली. कशी, ते सांगतो. थोडं हळू सांगेन. घाई मला कधी जमली नाही, वारा येईल तसं चालायची सवय.

माझा जन्म नांदेडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. लोखंडी चार पाय, वर बारा पाती, मागं एक शेपूट. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूला तोंड वळवायला शेपूट लागतं. माणसांना ही कला शेपटाशिवाय जमते, हे मला पुढं कळलं. पाती फिरली की मधला दांडा खालीवर व्हायचा, आणि दांडा खालीवर झाला की विहिरीतलं पाणी वर हौदात पडायचं. एवढंच माझं शिक्षण.

मला ट्रकवर घालून मुखेड, जांब करत आणलं. त्याच सुमारास उस्मानाबादचा जिल्हा फुटून लातूर वेगळा झाला होता. म्हणजे मला मंजूर केलं एका जिल्ह्यानं आणि उतरवून घेतलं दुसऱ्यानं. नव्या जिल्ह्याला सगळं नवं मिळालं. साहेब नवे, जीपा नव्या, पाट्याही नव्या. दुष्काळ तेवढा जुनाच बदलून आला.

मी ज्या विहिरीवर उभा राहिलो, ती वस्तीतल्या लोकांनी बहात्तरच्या दुष्काळात स्वतःच्या हातानं खणली होती. ही सगळी धम्म घेतलेली घरं. त्याआधी या बायका गावच्या विहिरीवर जायच्या आणि घागर खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतून द्यायचं, नाही आली तर ऊन खायचं. म्हणून ही विहीर. पण ती इतकी खोल गेली, की एक घागर ओढेपर्यंत बाईचे खांदे निखळायचे. मी आलो, आणि सरजाबाईनं पहिल्यांदा हौदाच्या कडेला निवांत बसून पाय धुतले. ते मी वरून पाहिलं. त्या दिवशी मला वाटलं, आपण काहीतरी आहोत.

सरजाबाई वस्तीतली विधवा बाई. हाडापेरानं चिवट आणि तोंडानं त्याहून. माझी देखभाल तिनंच घेतली. कमरेला तेलाची डबी खोचायची, काष्टा घट्ट करायचा आणि माझ्या पायांवरून थेट वर यायचं. खालून बायका ओरडायच्या, "सरजे, पडचील की गं!" ती वरून म्हणायची, "फिरणाऱ्याला तेल लागतंय बायांनो, बोलणाऱ्याला न्हाई." आणि माझ्या कण्यात तेल सोडायची.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. शाळेची पोरं यायची, मास्तर वाऱ्याची महती सांगायचे. एका पुढाऱ्यानं माझ्याखाली उभं राहून भाषणही केलं. त्या दिवशी हवा पडलेली होती, मी ढिम्म उभा. भाषण संपेपर्यंत वारा आला नाही. नंतर लोक म्हणाले, सगळा वारा तिकडंच खर्च झाला.

मग पलीकडच्या बांधावर वीज आली. तिथं ईश्वरप्पाचं शेत. ईश्वरप्पा गावातला वजनदार शेतकरी, मिशा आणि आवाज दोन्ही दणकट. त्याच्या विहिरीपर्यंत खांब आले, मोटर बसली. नारळ फुटला, पेढे वाटले. बाकी गावात दिवा नव्हता आणि वस्तीत तर नव्हताच. तेव्हापासून ईश्वरप्पाला एक वाक्य जडलं. पारावर, बाजारात, लग्नात, मयतीत, कुठंही तो म्हणायचा, "गाव माझ्या मोटरीवर जगतंय."

दोनेक पावसाळे बरे गेले. मग आभाळानं पाठ फिरवली. मृग कोरडा गेला, हस्तही कोरडाच गेला. गावच्या विहिरींचे तळ दिसले. वस्तीची विहीर ओढ्याच्या उतारावर, तिनं तेवढा जीव धरला. मी रात्रंदिवस फिरत होतो. थकलो म्हणायची सोय नव्हती, कारण खाली घागरींची रांग असायची.

भर दुपारी, गाव डोळे मिटून पडलेलं असताना, एक बाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून बांध ओलांडून यायची. ती कमलम्मा, ईश्वरप्पाची बायको. पहिल्या दिवशी ती हौदापाशी आली आणि घागर खाली ठेवून लांब उभी राहिली. आता कुणी ओतून द्यायचं, तिला काही सुचेना. सरजाबाई गालात हसली. म्हणाली, "आक्का, हितं कुणी वतून देत न्हाई. आपल्या हातानं घ्यावं लागतंय."

कमलम्मानं आपल्या हातानं घागर बुडवली. दुसऱ्या दिवशी ती दोन घागरी घेऊन आली. मग संध्याकाळचे बैलही गड्याबरोबर यायला लागले. ईश्वरप्पाच्या घरचा रांजण भरलेला असायचा. तो कशानं भरतो, हे त्यानं कधी विचारलं नाही.

अशात एक दिवस जीप आली. जीपमधून नवे साहेब उतरले. पुण्याकडचे, तरुण, घामानं डबडबलेले. सोबत सरपंच व्यंकटराव आणि ईश्वरप्पा. साहेबांनी माझ्याकडं मान वर करून पाहिलं आणि सरजाबाईला सांगितलं, "बाई, ही पवनचक्की आम्हाला न्यावी लागेल. तुमचं गाव विद्युतीकृत आहे."

"ते काय असतंय?"

"म्हणजे तुमच्या गावात वीज आली आहे."

सरजाबाईनं वळून वस्तीकडं पाहिलं. मग सावकाश विचारलं, "कुठून गेली ओ? आमी तर हितंच बसलोव."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "ईश्वरप्पांच्या शेतात मोटर आहे ना? गावच्या शिवारात कुठंही, कोणत्याही कामाला वीज वापरली, की अख्खं गाव विद्युतीकृत धरतात. नियमच तसा आहे. आणि विद्युतीकृत गावाला वाऱ्यावरची योजना लागू होत नाही."

"म्हंजे आप्पा जेवला की माजं पोट भरलं?"

साहेब म्हणाले, "नियमानं, हो."

"मग ही मोटर आमच्या हिरीला तर आणा."

"त्यासाठी वेगळा अर्ज. आधी पवनचक्की हलली पाहिजे. ती असताना तुम्हाला विजेची गरज आहे, असं दिसत नाही."

मित्रांनो, हे ऐकून माझं शेपूट आपोआप दुसरीकडं वळलं. वारा नव्हता तरी.

व्यंकटरावांनी सांगितलं, की नव्या जिल्ह्यात गावोगाव वीज पोचल्याचं मोठ्या कार्यक्रमात जाहीर झालंय, आता बोरतळनं माघार घेतली तर जिल्ह्याचं नाक जाईल. ईश्वरप्पानं मिशीवर हात फिरवला. "न्या की साहेब. गाव माझ्या मोटरीवर जगतंय. पाडायला बैलं मी देतो." सवयीनं बोलून गेला. त्याचे बैल त्या वेळी माझ्याच हौदावर तोंड बुडवून उभे होते.

मला उतरवायला दोरखंड, चार बैल आणि खालून धरायला दहा माणसं लागणार होती. साहेबांनी दिनदर्शिका काढली. मार्गशीर्षातल्या एका दिवशी जिल्ह्यातल्या कचेऱ्यांना सुट्टी दिसली. साहेबांनी विचार केला, त्या दिवशी दुसरं काम नाही, मजूरही मोकळे, तोच दिवस बरा. ही चूक बाहेरचा माणूसच करू शकतो. ती येळवस होती. आमच्याकडं वेळ अमावास्येला गावात कुणी राहत नाही. सगळी माणसं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत दगडाचे पांडव मांडायचे, मिश्र भाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर. आणि एक दंडक असा, की त्या दिवशी शिवारातून जाणारा कुणीही असो, त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. नको म्हणणाऱ्याचं घर त्या वर्षी लोकांच्या तोंडात राहतं.

मजूर इथलेच होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण साहेबांना सांगून स्वतःचं जेवण कोण बुडवणार?

सकाळी जीप आली. गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. साहेब मजुरांना घेऊन ईश्वरप्पाच्या शोधात शिवारात निघाले. माझ्या उंचीवरून मला सगळं दिसत होतं. पहिल्या कोपीतून एक म्हातारा धावत आला आणि त्यांचा हात धरून आत घेऊन गेला. बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले, पंचवीस पावलं चालले नाहीत तोच दुसऱ्या कोपीनं धरलं. पिकं गुडघ्याएवढीच होती त्या वर्षी, ज्वारीला दाणा नव्हता, पण कोपी होत्या आणि आग्रह होता. ईश्वरप्पाच्या बांधाला पोचेपर्यंत साहेब वाकू शकत नव्हते. मजूर तर मागच्या मागं कुठं आडवे झाले होते देव जाणे.

ईश्वरप्पाच्या कोपीत पाहुण्यांची दाटी. सोयरेधायरे निलंग्याकडून आलेले. साहेबांना घोंगडीवर बसवलं. कमलम्मानं आंबिलीचा पेला पुढं केला. साहेबांनी तो रिकामा केला, परत मागितला, परत रिकामा केला.

"वा! काय गारवा आहे. असं कुठं प्यायला मिळत नाही. ईश्वरप्पा, आता बैल द्या. आवरून टाकू."

बांधाच्या अलीकडं सरजाबाईचीही कोप होती. तिच्यात पांडव नव्हते. "देव सोडले, येळवस कशी सोडावी? भुईनं काय वाकडं केलंय?" असं ती म्हणायची. ती बांधावर येऊन उभी राहिली. "साहेब, माज्याबी कोपीत चला. आज न्हाई म्हणायचं नसतंय."

"बाई, घास उतरत नाही आता. आधी काम."

"आधी जेवा की. पाडायचं कवाबी हाय."

ईश्वरप्पा पाहुण्यांसमोर चढला. "ए सरजे, आज सणाला कामून वाद काढलीस? पंखा गेला तर काय मरत न्हाई कुणी. गाव माझ्या मोटरीवर..."

"कुठल्या मोटरीवर ओ?" कमलम्मा म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नाही. पण पळी तिनं मडक्यात ठेवली, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"दसऱ्यापासून मोटर हवा वडतीय. साहेब, तुमी आत्ता मागून मागून पेलाव ना, ती आंबील ह्या पंख्याच्या पाण्याची. भज्जी शिजली ती त्याच पाण्यात. घरचा रांजण तिथलाच. पांडवाला शिंपडलं तेबी तिथलंच, आन पांडव काय रुसले न्हाईत. चोरून आणलं न्हाई, समोर आणलं. ह्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. असं चालतंय घर."

निलंग्याचे पाहुणे हातातल्या उंड्याकडं बघत राहिले. टाकावा की गिळावा, ठरेना. एका म्हाताऱ्या सोयऱ्यानं गिळला. भूक त्याच्या बाजूनं होती.

ईश्वरप्पाचा चेहरा मला वरून दिसला नाही, फक्त पागोटं दिसलं. मग तो उठला. "चला साहेब, मोटर दावतो तुमाला."

खोपटात जाऊन त्यानं बटण दाबलं. नेमकी त्या वेळी वीज होती. मोटर घुमली. नळी खोकली, थरथरली, आणि तिच्यातून मूठभर गाळ आणि एक बेडूक बाहेर पडला. बेडकानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी बेडकाकडं.

"ही बगा गावाची वीज," ईश्वरप्पा म्हणाला.

"वीज तर आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पाणी नाही, हा आमच्या खात्याचा विषय..." माणूस वाईट नव्हता. नियम पाठ होता एवढंच. "ईश्वरप्पा, मला वरून हुकूम आहे. तुम्ही बैल देतो म्हणाला होतात."

"म्हणलो होतो. जबान दिली होती, कबूल. पर बैलं कशावर उभी हायत बगा. प्यालेल्या पाण्यालाच दोर लावून वडायचं? मी वडलं असतं साहेब, लाज सोडून वडलं असतं. बैलं वडणार न्हाईत. इमान जनावरालाबी असतंय."

साहेब चालत माझ्यापाशी आले आणि माझ्या पायाला टेकून बसले. उन्हं कलली होती, वारा सुटला होता, मी फिरत होतो. हौदात पाणी पडत होतं. सरजाबाईनं आंबिलीचा पेला आणून पुढं केला. घास उतरत नाही म्हणणाऱ्या साहेबांनी तोही घेतला.

"बाई, तुमच्या विहिरीवर वीज आली, तर पंखा न्यायला तुमची हरकत नाही?"

"न्हाई. आणा आन न्या. पर आधी आणा."

"मग तोवर..." साहेबांनी शब्द शोधला. "तूर्त राहू द्या."

मी तिथंच वाचलो. सरकारी 'तूर्त'इतकं टिकाऊ लोखंड नांदेडच्या कुठल्याच शेडमध्ये तयार होत नाही.

जीप गेली. ईश्वरप्पा बांधावर उभा होता. एक पाय इकडं, एक पाय तिकडं. "आज कुणाला न्हाई म्हणायचं नसतंय म्हणलीस न्हव, सरजाबाई?"

सरजे म्हणत आला होता आयुष्यभर. नावापुढं 'बाई' पहिल्यांदा लागली.

"या की आप्पा. बसा. हितंबी वाढून मिळतंय."

तो वाकून तिच्या कोपीत गेला. एक उंडा आणि थोडी भज्जी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सोयऱ्यांनी त्याला पारावर बसवून चार गोष्टी सुनावल्या. त्यानं ऐकून घेतल्या, आणि बैल दिवसाउजेडी माझ्या हौदाला सोडले. कमलम्माचा पदरही त्यानंतर जागेवर राहिला.

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर मी सुखी पंखा ठरलो असतो. पण लोखंडाचं आयुष्य गोष्टीपेक्षा लांब असतं.

'तूर्त' चालू राहिलं. आधी खांब आले, तारा आल्या नाहीत. खांबांच्या पोकळीत पोपटांनी घरटी केली. त्या साहेबांची बदली झाली, मग त्यांच्यानंतरच्यांची. पुढं विजेचा नवा कायदा झाला. त्यात गावाला वीज आहे असं म्हणायचं तर काही घरांत दिवा हवा, शाळेत हवा, दलित वस्तीतही तार पोचलेली हवी, असं ठरलं. म्हणजे इतकी वर्षं उजेडात असलेलं बोरतळ एका सकाळी कागदावर अंधारात गेलं. सरजाबाईला हे कुणीतरी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. सरकारला आता दिसायला लागलं."

मग तारा आल्या. वस्तीत दिवे लागले, विहिरीवर मोटर बसली. मला न्यायला मात्र कुणी आलं नाही. मला न्यायचं होतं, हे लक्षात असणारं माणूस कुठल्याच कचेरीत उरलं नव्हतं. वीज यायची आणि जायची. जायची जास्त. ती गेली की बायका माझ्याकडं बघायच्या. मी फिरायचो. सांधे वाजायचे, पण फिरायचो.

नंतर चहूकडं बोअर झाले. जमिनीला इतकी भोकं पडली, की पाणी माझ्या दांड्याच्या हाताबाहेर गेलं. मी फिरत होतो, दांडा खालीवर होत होता, हौदात काही पडत नव्हतं. ईश्वरप्पाच्या मोटरीसारखा मीही हवा ओढायला लागलो. तिला हसलो होतो, त्याचं फळ मिळालं म्हणायचं.

सरजाबाई थकली. एक दिवस डबी घेऊन माझ्या पहिल्या आडव्या पट्टीपर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. वर पाहून म्हणाली, "बास आता. तूबी बस, मीबी बसते." त्या थंडीत ती गेली. तिच्यानंतर माझ्या कण्यात तेल पडलं नाही. आता मी गंजून एकाच दिशेला तोंड करून आहे. वारा कुठूनही येवो, वळवत नाही.

सध्या माझ्या शेजारी सौर पंप आहे. सरजाबाईची सून पंचशीला हिनं अर्ज करून, खेटे घालून तो आणला. निळ्या पाट्या उन्हाकडं तोंड करून बसलेल्या असतात आणि खोल बोअरमधून पाणी येतं. छान येतं. लोक बघायला येतात, पुढारी येतात. ऊन कधी पडत नाही असं आमच्याकडं होत नाही, त्यामुळं भाषणंही व्यवस्थित होतात. भंगारवाला मला मागून गेला. पंचशीला त्याला म्हणाली, "आमच्या सासूची शिडी हाय ती. इकायची न्हाई." येळवसला ती आंबिलीचा पहिला शिंतोडा माझ्या पायावर मारते. ईश्वरप्पाची नातवंडं तिच्याच कोपीत जेवतात, आणि त्यात काही विशेष आहे हे त्यांना माहीत नाही. मला तेवढं बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र सलते. लोक त्या निळ्या पाट्यांकडं बोट दाखवून म्हणतात, "हे आपोआप चालतंय." मित्रांनो, मलाही असंच म्हणायचे. वारा आहे, पंखा आहे, आपोआप फिरतोय. तेलाची डबी कमरेला खोचून एक बाई जीव मुठीत धरून वर चढते, ते बघायला कुणी मान वर केली नाही. पाट्यांवर आता बोटभर धूळ आहे. पाण्याची धार पहिल्यापेक्षा बारीक झाली आहे. पंचशीला एकटी कुठं कुठं पुरेल? आणि लोक म्हणतात, यंत्र खराब निघालं, सरकारनं फसवलं. सरकारनं फसवलं असेलही, पण धूळ सरकारनं टाकलेली नाही.

तुम्ही कधी उदगीरच्या बाजूला आलात, तर बोरतळला या. माझ्यासाठी तेल आणू नका. फिरणाऱ्याला तेल लागतं, बोलणाऱ्याला नाही, आणि मी आता नुसता बोलतो. माझ्या शेजारच्या त्या पाट्या तेवढ्या पुसा. हौदात पाणी आहे, फडकं नसलं तर पदरानं, रुमालानं, कशानंही पुसा. पाणी घ्यायला मात्र कुणाची वाट बघू नका. इथं कुणी ओतून देत नाही, आपल्या हातानं घ्यावं लागतं.